बदगुमानी

अब्बांची उर्दू पत्रं आणि डायऱ्या स्कॅन करून ठेवायला मी रमजानच्या आधी ४ टेराबाइटची नवी हार्ड डिस्क घेतली. घरच्या लिनक्स संगणकाला जोडून ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केली. १० मिनिटं काम नसेल तर तिने फिरणं थांबवावं, अशी सोयही केली. पण ती झोपेचना. इशाची नमाज पढून यावं तर घर शांत, आणि टेबलाखाली डिस्कची खरखर चालूच.

माझा संशय थेट मुलावर. "चोरून सिनेमे उतरवतोस ना?" म्हणून त्याला नको ते बोललो. तो कसम खात राहिला, मी ऐकलं नाही. वैतागून रोज संगणक बंद करायचो. दुसऱ्या दिवशी सुरू केला की पुन्हा तेच.

शेवटी मुलानेच आयओटॉप चालवून दाखवला. डिस्कवर कोण लिहितंय ते त्यात दिसतं. नाव एकच होतं, 'ईएक्सटी४लेझीइनिट'.

वर्गातल्या भाषेत सांगतो. फाइलींच्या नोंदींसाठी डिस्कवर एक हजेरीपट असतो. एवढ्या डिस्कवर तो साधारण ६० गिगाबाइटचा होतो. फॉरमॅटच्या वेळी तो सगळा कोरा करत बसलं तर वेळ जातो, म्हणून ते काम मागे ठेवलं जातं. डिस्क वापरात आली की ते गुपचूप, थांबत थांबत पुरं होतं. मी रोज ते मध्येच तोडत होतो, आणि ते रोज उरलेलं काम घेऊन बसत होतं.

फॉरमॅट करतानाच 'लेझी_आयटेबल_इनिट' शून्य ठेवलं असतं तर हे टळलं असतं. आता 'इनिट_आयटेबल' शून्य करून डिस्क पुन्हा माउंट केली, म्हणजे मधला विसावा गेला, आणि संगणक रात्रभर चालू ठेवला. सोबत 'नोएटाइम'ही लावलं. नाहीतर फाइल नुसती वाचली तरी 'शेवटी कधी वाचली' याची नोंद डिस्कवर होऊ शकते, आणि तेवढ्यासाठीही ती जागी होते.

फजरला उठलो तर डिस्क शांत. बदगुमानी करू नये, हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवतो. खोलीत जाऊन लेकाला हलवलं, माफी मागितली.

तो कूस बदलत म्हणाला, "अब्बू, डिस्क झोपली ना? आता मलाही झोपू द्या."