कासवीची नजर

नदीकाठी राहणाऱ्या माणसाला पोहता येत नाही म्हटले की लोकांना हसू येते. मी विष्णुपुरीचा. काळेश्वराच्या पायऱ्यांवर बसले की समोर शंकरसागर जलाशयाचे पाणी नजर पोहोचेल तिथवर पसरलेले. पण शेवटच्या पायरीखाली मी कधी उतरलो नाही. माझा थोरला भाऊ एका श्रावणात गोदावरीवर गेला, तो परत आला नाही. तेव्हापासून आईने माझ्या घोट्याच्या वर पाणी येऊ दिले नाही. आणि पुढे मी माझ्या मुलीच्या.

ती मुलगी बारावीची परीक्षा संपताच म्हणते काय, तर रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जाईन! मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मास्तरकीत गप्प बसण्याची कलाही अंगवळणी पडते. अखेर तह झाला: आधी समुद्र पाहू, मग बोलू.

म्हणून एप्रिलात मालवण. महाराजांनी १६६४ साली पाया घातलेल्या सिंधुदुर्गाजवळ होडी थांबली. अंगात फुगीर जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. आरशात पाहिले असते तर वर्गातल्या पोरांना तोंड दाखवण्याची सोय उरली नसती. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. मी होडीची कड सोडीना, तेव्हा होडीवाला म्हणाला, "मास्तरांनू, भियाव नकात. तोंडानच श्वास घेवा."

पाण्यात तोंड घातले आणि पहिल्यांदा ऐकला तो माझाच श्वास. खाली खडक, त्यांवर पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मुलीने माझा हात घट्ट धरला होता. (की मी तिचा?) एवढ्यात तिने बोट दाखवले. खडकाआडून एक कासव निघाले. हिरवे समुद्री कासव. तिथे ते रोज दिसत नाही, असे होडीवाल्याने मागाहून सांगितले. ते सावकाश वर आले, नाक पाण्याबाहेर काढून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेले. त्यालाही आपल्यासारखी फुप्फुसेच! जन्म पाण्यात काढतो, तरी हवेवाचून त्याचे चालत नाही. मला उगीचच धीर आला.

कासवाने अवयव आत ओढून घ्यावेत तशी इंद्रिये आवरावीत, हा गीतेतला दृष्टांत मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. समुद्री कासवाला ते जमतच नाही. डोके आणि वल्ह्यांसारखे पाय त्याला कवचात घेता येत नाहीत. आहे तसे, उघडे, त्याला सगळा समुद्र फिरावा लागतो.

संतांची कासवी पैलतीरावरून नुसत्या नजरेने पिले वाढवते. माझ्या आईची नजर तशीच होती, माझीही. पण वेळासच्या किनाऱ्यावर येणारी खरी कासवीण वाळूत शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिले आपली आपण समुद्राकडे धावतात. २००२ पासून वेळासची माणसेच त्या घरट्यांची राखण करीत आली. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला क्रमांक लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. एवढी वाट तिला कुणी दाखवली असेल?

कासव खोल पाण्याकडे वळले. मुलीने माझा हात सोडला आणि होडीवाल्याच्या पोराबरोबर त्याच्या मागे निघाली. हाक मारावी, तर तोंडात नळी. दोन पांढरे तळवे लहान लहान होत गेले. मी मोजत राहिलो. एकशे चाळीस मोजून झाले तेव्हा ती माघारी वळली.

होडीत चढल्यावर ती काहीच बोलली नाही. मीच म्हणालो, "रत्नागिरीला थंडी नसते म्हणतात. स्वेटर नको न्यायला."

आता ती दिवाळीला घरी येते आहे. तोवर काळेश्वराच्या शेवटच्या पायरीखाली एकदा उतरून पाहीन म्हणतो. गुडघ्यापर्यंतच. हिला अजून सांगितलेले नाही.