कवचाची साक्ष

खानदेशात एके काळी शहामृगं होती, हे आमच्या लोधीपुऱ्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझा चेहरा न्याहाळतो. पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला 1970च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळींनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली. एकावर माणसानं कोरलेल्या आडव्या-तिरक्या रेघा. वय सुमारे 25 हजार वर्षं. पाटणं गिरणेच्या खोऱ्यात, आणि गिरणा आमच्या तापीलाच मिळते.

असा तुकडा हाती आला की मी आधी मोडलेली कड बघतो. जाडी दोनेक मिलिमीटर, बाहेरची बाजू गुळगुळीत, भिंगाखाली बारीक श्वासछिद्रं. कवच चुन्याचं असतं; त्यातल्या कार्बनवरून मादीनं कोणता चारा खाल्ला आणि ऑक्सिजनवरून हवा किती कोरडी होती, याचा अंदाज लागतो. तोही अंडं घालण्याआधीच्या थोड्याच दिवसांचा! शिवाय कवचाचे मणी होत, त्यामुळे ते माणसानं लांबून आणलेलं असू शकतं. थर, परागकण, सोबतची हाडं जुळल्याशिवाय एकट्या तुकड्यावरून हवामान सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

हे आज आठवायचं कारण पाण्याचं: मे 2025मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रानं तापी खोऱ्याच्या भूजल महापुनर्भरण योजनेचा करार केला. अशा योजनांचं गणित पावसाच्या नोंदींवर बसतं, आणि भारतीय हवामान खातंच मुळी 1875चं. खोऱ्याचा स्वभाव तेवढ्यात कळत नाही. मागची पानं जीवाश्मांत आहेत.

मात्र ती पानं जशीच्या तशी पुढं लावता येत नाहीत. हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 190च्या आसपास होता, आज तो 420च्या वर आहे. तेव्हाचा कोरडेपणा थंड जगातला. आजच्यासारखी हवा शोधायची तर सुमारे 30 लाख वर्षं मागं, समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म कवचांकडे जावं लागतं. आयपीसीसीच्या 2021च्या अहवालानुसार तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा 5 ते 25 मीटर उंच होता. किनाऱ्यावरच्या शहरांनी बघायचा तो आकडा. आम्हाला भूजल बघायचंय.

मला विचाराल तर पुनर्भरणाच्या आराखड्यात सरासरी पावसाबरोबर, नोंदीत कधीच न आलेल्या सलग कोरड्या वर्षांचाही हिशेब धरावा. आणि केळीखालची जमीन त्या हिशेबानं ठरवावी. हे दुसरं वाक्य माझ्या बागायतदार मित्रांना मुळीच आवडणार नाही.