पान कुणी खाल्ले?

आपल्या गुलाबाच्या पानांना कंपासाने आखल्यासारखे अर्धगोल काप दिसले, तर ‘कीड लागली, पाने खाल्ली’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हे वाक्य अंगणाअंगणांतून ऐकू येते आणि त्यामागोमाग फवारणीचा पंप येतो. भाषेचा अभ्यासक म्हणून मला त्यातील क्रियापद खटकते. ते पान खाल्लेले नसते, कापून नेलेले असते. पाने कापणारी ही मधमाशी एकटी राहते. पोकळ काडीत किंवा लाकडातील छिद्रात ती लांबट तुकड्यांची कुपी वळते, आत पराग व मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते आणि गोल तुकड्यांचे झाकण बसवते. एवढ्याने निरोगी झाडाचे सहसा काही बिघडत नाही. उलट, पोटाखालच्या केसांवर पराग वाहणारी हीच माशी शेतातील तुरीच्या फुलांवर उतरते. तिच्या भाराने पाकळ्या दबतात आणि पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात जातो. ‘कीड’ हा शब्द उच्चारताच निवाडा होऊन जातो आणि साक्ष घ्यायची राहते. गुलाबाला नवी पाने फुटतील. फवाऱ्यात मेलेली माशी तुरीवर येणार नाही. तेव्हा आधी पाहावे, मग नाव द्यावे.