नवतपातली सांदवाडी

विदर्भात, वर्ध्याकडे घराच्या मागच्या अंगाला कुंपणाच्या आत जी मोकळी जागा असते, तिला सांदवाडी म्हणतात. आमची सांदवाडी दोन खोल्यांएवढी. एका कोपऱ्यात कडुनिंब, त्याच्याखाली न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला अळू आणि उरलेल्या जागेत उन्हाळी भाजी. पावसाळ्यात ही जागा आपसूक हिरवी होते, त्यात माणसाचा हात फारसा नसतो. उन्हाळ्यात मात्र तिथलं एकेक पान कुणीतरी जगवलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यातली सांदवाडी मला जास्त जवळची वाटते.

माघात थंडी ओसरू लागली की मातीत शेणखत मिसळायचं. भेंडीचं बी रात्रभर भिजत घालायचं. सांभार पेरायचा तर धने हलके रगडून दुभागायचे, कारण एका धन्यात दोन बिया असतात. गवार, चवळी, काकडी, दोडका आणि ढेमसं; ढेमशाशिवाय इकडचा उन्हाळा पुरा होत नाही. पऱ्हाट्यांचं कुंपण आणि तुराट्यांचा मांडव झाला की होळीच्या सुमारास वाफ्यांत कोवळी दलं दिसू लागतात. पहिला घाला तिथेच पडतो. तांबडे भुंगे वेलांची कोवळी पानं कुरतडून त्यांची चाळण करतात. पहाटे दव असताना पानांवर चुलीतली राख भुरभुरली तर काही वेल वाचतात, काही जातात. त्यातच एखाद्या वर्षी मार्चमध्ये गारपीट होते आणि दहा मिनिटांत सगळं पुन्हा पेरण्याची वेळ येते.

त्यानंतर येणारा चैत्र मात्र भरभरून देतो. सकाळी चहाच्या आधी सांदवाडीत जावं तर भेंडी बोटभर झालेली असते, आज तोडली नाही तर उद्या ती जून होते. ढेमशांवर बारीक लव असते. काकडी पानाआड लपते आणि हाताला लागते तेव्हा गार असते. या दिवसांत घरात बाजाराची पिशवी निघत नाही. जास्तीची वांगी चिरून वाळत पडतात आणि वाटीभर गवार भिंतीपलीकडे जाते.

मग ऊन चढतं. टोमॅटोचं झाड हिरवंगार असतं, फुलांनी भरतं आणि फळ मात्र धरत नाही. पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही हवा निवली नाही की परागकण निकामी होतात, फूल देठाशी पिवळं पडून गळतं. कितीही पाणी ओता, ते फूल थांबत नाही. सांभार हातभर होण्याआधीच फुलावर येतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागतात. हा हळद्या पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही, ते झाड उपटून टाकणं हाच उपाय. परभणीच्या कृषी विद्यापीठानं या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी काढली, तेव्हा तिचं बी घरोघरच्या परसात का गेलं असेल, हे असं झाड उपटताना कळतं.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा सुरू होतो. या नऊ दिवसांत पारा पंचेचाळिशीला भिडतो. रस्ते ओस पडतात, घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. सांदवाडीत एकही पान ताठ नसतं. दोडक्याची मोठी पानं देठातून लोंबतात, वांगी मलूल होतात. पाहणाऱ्याचा जीव कळवळतो आणि हात बादलीकडे जातो. पण दुपारी पान मिटून खाली झुकतं, ते ऊन अंगावर कमी घेण्यासाठी. मुळाशी ओल असेल तर संध्याकाळी ते आपणहून उभं राहतं. जे झाड पहाटेही मान टाकून असेल, तेच खरं तहानलेलं. शेजारच्या आजींनी मला याच्या पुढचं सांगितलं होतं, “झाडाले आंधी सावली दे, मंग पानी.” तेव्हापासून मांडवावर जुनी लुगडी ताणलेली असतात आणि बुंध्यांशी सोयाबीनचं कुटार पसरलेलं असतं. त्या कुटारात किडे शोधायला सातभाई येतात आणि ते उधळून जातात. ते पुन्हा सारखं करायचं. दोन वेलांच्या मधे एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं आहे. माती कोरडी होईल तसं त्यातलं पाणी झिरपतं, मुळं त्याच्याभोवती जाळी विणतात.

नळ एक दिवसाआड येतो. पाणी मोजकं असलं की ते कोणाला द्यायचं हे ठरवावं लागतं, आणि उन्हाळी बागेचा खरा कस या ठरवण्यात लागतो. गवारीची मुळं खोल जातात, ती थांबू शकते. वांग्याचं झाड छाटून थोडक्या ओलीवर तगवलं तर पावसात पुन्हा फुटतं. काकडीला थांबता येत नाही. पाण्याचा खंड पडला की तिची फळं कडवट होतात. आणि टोमॅटोला सोडून द्यावं लागतं. हे सोडून देणं सर्वांत जड जातं. आपण रोप लावलं, आधाराची काठी दिली, त्याची वाढ रोज पाहिली. पण सगळ्यांना सारखं घोटघोट वाटलं तर कुणीच जगत नाही. माया आणि हिशेब एकाच बादलीत धरायला मी सांदवाडीत शिकले.

संध्याकाळ या सगळ्याची भरपाई करते. ऊन भिंतीवरून उतरलं की दोडक्याची पिवळी फुलं उमलतात. वेलांवर आधी नरफुलं येतात, कडक उन्हात तीच जास्त येतात. मादीफुलाच्या मागे इवलंसं दोडकं आधीच असतं. पतंग फिरकले नाहीत तर नरफूल खुडून त्याचे पराग मादीफुलाला हातानं लावायचे. ओल्या मातीचा वास, निंबावर परतलेल्या पाखरांचा गलका आणि अंधारात हळूच उघडणारं फूल, असा तासभर मिळाला की दिवसभराची काहिली विसरता येते.

तरी खात्री कशाचीच नसते. फळमाशीनं टोचलेलं दोडकं आतून सडतं. वानरांची टोळी एका सकाळी मांडवच खाली आणते. अवकाळी वादळ उरलेलं नेतं. जूनच्या मध्यावर पाऊस विदर्भात पोचतो तेव्हा वाफ्यात मोजकेच वेल उभे असतात, करपलेल्या पानांचे, पण बुंध्याशी नवा कोंब फुटलेले.

तुमच्याही परसात किंवा गच्चीवर असा एखादा गावरान वेल असेल, चैत्रात सर्वांत जास्त फळं दिलेला नसेल, पण नवतपातून निभावलेला. त्याचं एक फळ तोडू नका. ते वेलावरच वाळू द्या आणि पुढच्या माघासाठी बी त्याचंच राखा.