बुधवारचा सोबती

माणसाची ओळख पटते ती बहुधा त्याच्या चेहऱ्यावरून. परंतु काही माणसे अशी असतात, की त्यांचा चेहरा कधी न पाहताही लक्षावधी लोक त्यांना आपल्या घरचेच मानतात. नभोवाणीवरील निवेदक अमीन सयानी हे अशांपैकी एक. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना एकदाही न भेटलेल्या अनेकांचे डोळे पाणावले.

अमीन सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी यांनी प्रौढांना साक्षर करण्याच्या कार्याला वाहून घेतले होते. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे नियतकालिक चालवीत. ते नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत निघे. भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्तानी. ज्याला नुकतेच कोठे वाचता येऊ लागले आहे, त्याला अडेल असा शब्द तेथे उपयोगाचा नव्हता. लहानगा अमीन आईला या कामी मदत करी. सोप्या भाषेचे पहिले धडे त्याला असे घरातच मिळाले.

वडीलबंधू हमीद हे इंग्रजीतील नामवंत निवेदक. त्यांचे बोट धरून अमीन नभोवाणीवर आले. पुढे त्यांनी हिंदी निवेदनासाठी परीक्षा दिली. पण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी वळण आढळल्यामुळे त्यांना नकार मिळाला. ही हकीकत ते स्वतःच हसत हसत सांगत. नकाराने ते खचले नाहीत. ते ऐकत राहिले, शिकत राहिले.

त्या काळी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. रसिकांचे कान साहजिकच कोलंबोच्या रेडिओ सिलोनकडे वळले. तेथून ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते अवघे एकोणीस वर्षांचे अमीन सयानी! कार्यक्रम लिहिणे, तो सादर करणे, आलेली पत्रे तपासणे, या साऱ्या कामाचा मोबदला आठवड्याला २५ रुपये. पहिल्याच कार्यक्रमानंतर सुमारे ९,००० पत्रे आली, असे ते सांगत.

कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई. ध्वनिफिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून लघुलहरींवर स्वार होऊन तो आवाज पुन्हा भारतात परते. लघुलहरींचा स्वभाव मोठा लहरी. आवाज मध्येच क्षीण होई, मध्येच खरखर माजे. तरीही बुधवारी रात्री आठ वाजले, की घरोघरी माणसे रेडिओभोवती गोळा होत. ज्याच्या घरी रेडिओ नसे, तो शेजाऱ्याच्या ओटीवर किंवा हॉटेलच्या दाराशी उभा राही. मग “बहनों और भाइयों” अशी प्रसन्न साद येई. भावांच्या आधी बहिणींना मान देणारी ती साद प्रत्येकाला आपल्यालाच घातल्यासारखी वाटे. गाण्यांच्या क्रमांकांना ते ‘पायदान’, म्हणजे पायरी, म्हणत. त्यामुळे एकेक गीत जिना चढून वर येत आहे, असा भास होई. वर्षअखेरीस सर्वांत वरच्या पायरीवर कोणते गीत जाणार, यावर मित्रामित्रांत पैजा लागत.

१९८९ मध्ये हा कार्यक्रम विविधभारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला. २००९ मध्ये भारत सरकारने अमीन सयानींना पद्मश्री देऊन गौरविले.

गोड गळा ही निसर्गाची देणगी असते; परंतु केवळ तेवढ्याने कोणी चार दशके लोकांच्या मनात घर करीत नाही. पलीकडे कोण ऐकत आहे, हे निवेदकाला दिसत नाही. तो विद्वान असेल, तसाच कालपरवा अक्षरे शिकलेला श्रमिकही असेल. त्या न दिसणाऱ्या श्रोत्याला आपला प्रत्येक शब्द समजावा आणि तो आदराने सांगितला जावा, याची अमीन सयानींनी जन्मभर काळजी घेतली. आईच्या ‘रहबर’चे व्रत मुलाने आपल्या वाणीने पुढे चालविले.