हे, ते आणि आमचे 'हे'

इंग्रजी शिकायचे म्हटले की आपल्यातल्या पुष्कळजणींच्या डोळ्यांपुढे एकदम व्याकरण उभे राहते. काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्यये! तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांच्या घरात होती, त्यांना तर मी काय म्हणते ते लगेच कळेल. पण घर सांभाळून, दुपारच्या तासाभरात शिकायचे असेल तर सुरुवात बोटापासून करावी असे माझे मत आहे. तान्हे मूलसुद्धा आधी बोट दाखवते, मग बोलते. आणि या बोट दाखवण्यासाठी इंग्रजीत अवघे चार शब्द आहेत : धिस, दॅट, दीज, दोज.

बदलापूर गावात आमच्या शेजारच्या घरातली धाकटी सून गेल्या वर्षी माझ्याकडे आली ती याच कामासाठी. तिचा मुलगा पहिलीत. आमच्या पिढीला इंग्रजी भेटले ते पाचवीत. सन 2000 पासून मराठी शाळांतूनही ते पहिलीपासून सुरू झाले. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची तर गोष्टच वेगळी. हा मुलगा त्या माध्यमातला. एके दिवशी तो आईला म्हणाला, "तू नको घेऊस माझा अभ्यास, तुला येत नाही." तिने हे मला हसत सांगितले, पण पुढे म्हणाली, "काकू, इंग्रजीचं राहू द्या हो. पण आज वही काढून घेतली, उद्या तो मला काही सांगायलाही यायचा नाही." मी म्हटले, "ओटा आवरला की येत जा."

आमची शाळा स्वयंपाकघरातच भरली. पहिल्याच दिवशी तिला बरे वाटले, कारण इंग्रजीत लिंगाची भानगड नाही. आपल्याकडे हा तवा, ही वाटी, हे पातेले. तिकडे तिघांनाही धिस. लांबच्या तो, ती, ते या तिघांनाही दॅट. वस्तू अनेक झाल्या की जवळच्यांना दीज आणि लांबच्यांना दोज. "म्हणजे निम्मं ओझं उतरलं की!" ती म्हणाली.

पण उरलेले निम्मे कुठे अडते, ते दुसऱ्या दिवशी कळले. आपला 'हे' मोठा फसवा आहे. 'हे पातेले' म्हणजे एक, आणि 'हे चमचे' म्हणजे अनेक. 'ही वाटी' एक, 'ही भांडी' अनेक. 'ते'चेही तसेच : ते ताट आणि ते डबे. आपण मनात 'हे म्हणजे धिस' असे पाठ केले की चमच्यांनाही धिस म्हणून मोकळ्या होतो. म्हणून शब्दाला शब्द जोडायचाच नाही. वस्तूकडे पाहायचे आणि मनाला दोनच प्रश्न विचारायचे : एक की अनेक? हाताशी की लांब? धिस-दॅटबरोबर इज, दीज-दोजबरोबर आर. ओट्यावरचे जांभूळ धिस, टोपलीभर जांभळे जवळ ओढली की दीज. (आमच्या बदलापूरच्या जांभळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे बरे का! तेव्हा उदाहरणालाही मान हवाच.) खिडकीतून दिसणारा चंदेरीचा डोंगर मात्र कायम दॅट.

मग आम्ही डबे उघडले, आणि खरी गंमत तिथे आली. आपण 'हे तांदूळ', 'हे गहू' असे अनेकवचनात म्हणतो. इंग्रजीत तांदूळ, गहू, साखर, पीठ हे सगळे न मोजता येणारे, म्हणून धिस राइस, धिस व्हीट. उलट आपली कात्री एक, चष्मा एक, विजारही एक. पण इंग्रजीत कात्रीला दोन पाती, चष्म्याला दोन काचा, विजारीला दोन पाय, म्हणून दीज सिझर्स, दीज ग्लासेस, दीज ट्राउझर्स! असे कारण सांगितले की पाठ करावे लागत नाही.

माणसांची ओळख करून देताना आपला आदर आडवा येतो. "हे माझे सासरे" हे आपण अनेकवचनात म्हणतो आणि तसेच म्हणायला हवे. पण इंग्रजीत माणूस एक तर धिस इज. त्यात सासऱ्यांचा अपमान होत नाही. आणि आमचे 'हे'? नाव न घेता एका दर्शक सर्वनामावर संसार करण्याची आपली ही जुनी रीत इंग्रजीत नेता येत नाही. तिथे सरळ "धिस इज माय हझबंड" म्हणावे लागते. शेजारीण हे वाक्य तीन दिवस लाजत म्हणत होती. शिवाय तिकडचा 'ही' म्हणजे आपला 'तो', आणि 'शी' म्हणजे आपली 'ती'. हे ऐकून तर तिच्या सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या.

उच्चाराचे थोडेसे. धिस आखूड आणि शेवटी स. दीज लांब, आणि शेवटचा ज 'जाऊ'मधला, 'जेवण'मधला नव्हे. दोजचा ज-ही तोच. एवढे सांभाळले तरी ऐकणाऱ्याला एक की अनेक ते नीट कळते. आणि कुणी "व्हॉट इज धिस?" विचारले तर उत्तरात पुन्हा धिस लागत नाही, "इट इज अ स्पून" म्हणावे. अनेक असतील तर "दे आर स्पून्स".

महिन्याभराने मुलगा आजोबांचा चष्मा उचलून "धिस इज" म्हणू लागला, तेव्हा ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "दीज आर. काचा किती आहेत बघ." त्याला ते पटेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो दारातूनच ओरडत, "आई, बाई म्हणाल्या तुझं बरोबर आहे!" त्या संध्याकाळी त्याने वही आपणहून तिच्यापुढे ठेवली. पुढच्या धड्यातले सगळे तिला येत होते असे नाही. पण जे येत नव्हते ते दोघे मिळून शोधू लागले.

तुम्हांलाही सुरुवात करायची असेल तर खर्च काही नाही. रोज दहा वस्तू घ्या. पाच हाताशी ठेवा, पाच खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मोठ्याने म्हणा, मग जागा बदला आणि पुन्हा म्हणा. लांबची वस्तू जवळ आली की दॅटचे धिस होते, हे पाठ होण्यापेक्षा अंगवळणी पडायला हवे. पहिले आठ दिवस घरातले हसतील. त्यांना हसू द्यावे आणि त्यांच्यापैकीच एकाला समोर बसवून विचारावे, "व्हॉट आर दोज?"