बूथवर बसायला माणूस कुठाय?

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे सभेला किती गर्दी झाली याची चर्चा होते. मी मात्र तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना एकच प्रश्न विचारतो: किती गावांत आपला माणूस बूथवर उघडपणे बसेल? या प्रश्नाला बहुतेक जण गप्प बसतात. मीही एकदा असाच गप्प बसलो होतो.

२०१४ ची विधानसभा. मराठवाड्यातलं एक गाव. वस्ती आपली, पण शेतं, विहिरी, सोसायटी आणि सरपंचकी एकाच भावकीकडे. आम्ही जीप घेऊन गेलो, बुद्धविहारासमोर शाखेची पाटी लावली, निळा झेंडा रोवला, घोषणा दिल्या. एक तरुण सालगडी स्वतःहून बूथवर बसायला तयार झाला. आम्ही त्याच्या गळ्यात हार घातला, फोटो काढला आणि संध्याकाळी तालुक्याला परतलो.

निकालात त्या बूथवर आपल्याला ३७ मतं पडली. मतदान गुप्त असतं असं आपण पुस्तकात वाचतो. पण मतदान यंत्रातली मोजणी बूथनिहाय होते आणि आकडे बूथनिहायच जाहीर होतात. शहरात याने काही बिघडत नाही. एका बूथच्या गावात मात्र ३७ मतं कोणत्या घरांतली, हे चावडीवर बसून बोटं मोजून सांगता येतं. अनेक बूथची मतं एकत्र मोजणारं 'टोटलायझर' यंत्र आणावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता. तो अंमलात आला नाही. यात कुणाची सोय आहे, हे वेगळं सांगायला नको.

त्या पोराला कुणी मारलं नाही. शिवीही दिली नाही. पाडव्याला त्याचं साल धरलं नाही, एवढंच. वर जुनी उचल एकरकमी परत मागितली. गावात दुसऱ्या कुणीही त्याला कामावर घेतलं नाही. ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायची तर कशाची द्यायची? तो बायको-लेकरांसह ऊसतोडीला गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "भाऊ, तुमची जीप गेली निघून. आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. चूक प्रस्थापितांची होतीच, पण आमचीही होती. ज्याच्या हातातली भाकर समोरच्याच्या वाड्यातून येते, त्याला आम्ही झेंडा धरायला लावला होता. राजकारणात एक माणूस एक मत, पण सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा विरोधाभास बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत मांडला. आम्ही ते भाषण पाठ केलं होतं, पण त्या गावात विसरलो.

मग आम्ही पद्धत बदलली. घोषणा बंद, कागद सुरू. वस्तीतली नऊ कुटुंबं गायरान कसत होती. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे, पण पुरावा लागतो. जुन्या दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेट्यांतून शोधल्या. गाव नमुना एक-ई मधल्या नोंदी मागितल्या. रोजगार हमीचं काम लेखी मागायचं आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे बायांना शिकवलं. पुढे मातंग, धनगर, मुस्लिम घरांतलीही माणसं रेशनकार्डं घेऊन आली. एक दिवस त्या भावकीतलीच एक विधवा निराधार योजनेचा अर्ज घेऊन आली. तिचाही अर्ज भरला. काही कार्यकर्ते नाराज झाले. त्यांना मी दादासाहेब गायकवाडांची आठवण दिली. १९५९ चा आणि १९६४-६५ चा रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीन सत्याग्रह सर्व जातींच्या भूमिहीनांसाठी होता आणि लाखो माणसं त्यासाठी तुरुंगात गेली. त्या काळात पक्ष खेड्यात दिसत होता, कारण खेड्याचा प्रश्न पक्षाच्या हातात होता.

नऊपैकी चार फायली निकाली निघाल्या. पाच अजून तहसीलमध्ये पडून आहेत.

२०१९ ला त्याच बूथवर एक बाई बसली. गायरानाचा तुकडा तिच्या घराच्या नावावर झाला होता. तिला कुणाचं साल नव्हतं, कुणाची उचल नव्हती. आम्हाला ६१ मतं पडली. सीट पडली, डिपॉझिटही गेलं. टीव्हीवर आमची नोंद 'इतर' अशी झाली. पण पुढचा पाडवा आला आणि गेला, तिच्या घरची चूल बंद पडली नाही.

तो पोरगा अजूनही दरवर्षी ऊसतोडीला जातो. मतदानाला मात्र येतो. पाटी पुन्हा लावू का, असं मी त्याला विचारलेलं नाही. ते त्याने ठरवायचं आहे.

कार्यकर्त्यांनो, ज्या गावात आपल्याला रात्र काढायची नाही, तिथे दुसऱ्याच्या दारात झेंडा रोवू नका. आधी त्याच्या पायाखालची जमीन पक्की करा. हे काम पाच वर्षांचं आहे, पंधरा दिवसांच्या प्रचाराचं नाही.

जयभीम!